फुलांच्या घड्याळाची माळीण

११ फेब्रुवारीला मी चार लाख अडतीस हजार सहाशेचं बिल मंजुरीला पाठवलं. उद्यानातल्या फुलांच्या घड्याळात प्लॅस्टिकची फुलं बसवण्याचं. त्याची चीड अजून गेलेली नाही.

आमचं उद्यान शंभर वर्षांपूर्वी दगडाची खाण होतं. खड्ड्यात पाणी सोडून तळं केलं, राडारोड्याची टेकडी रचली. पुढे होड्या आल्या, मुलांची आगगाडी आली, गुलाबबाग झाली. पण लोक थांबायचे ते घड्याळापाशी. उतारावर खोलीएवढी तबकडी, हिरव्या झुडपांत तांबड्या रोपांचे आकडे, वरून फिरणारे लोखंडी काटे.

ते एकतीस वर्षं एकाच बाईने राखलं. आम्ही तिला घड्याळमावशी म्हणायचो. रोपं चार बोटांच्या वर गेली की काटा अडकतो, म्हणून ती मोठ्या काट्याच्या पुढे पुढे सरकत कातरायची. तासात एक फेरी. कोणी वेळ विचारली तर म्हणायची, "मी कुठे बसलेय ते बघा की!" छाटलेल्या काड्या ती डब्यांत रुजवायची आणि पुन्हा त्याच लावायची. घड्याळासाठी रोपखरेदीचा रकाना सव्वीस वर्षं कोरा आहे. उद्यानाचा हिशेब मी लिहितो, ती वही माझ्याकडेच असते.

उद्यानाची शताब्दी जवळ आली तसे आमचे अधीक्षकसाहेब तिच्यापुढे येऊन उभे राहिले.

"मावशी, सोमवारी ठेकेदार येतोय. आता आराम करा."

"आराम? मला काय ताप आलाय?"

"प्लॅस्टिकला पाणी नको, कातरणं नको."

"मग साहेबही प्लॅस्टिकचाच बसवा. सहीपुरता हात हलला म्हणजे झालं!"

मी मागे फाईल धरून उभा. हसू आलं, ते गिळलं. बोलायला हवं होतं, तेही गिळलं.

रविवारी सकाळी तिने अख्खं घड्याळ उपटलं. मुळांना माती ठेवून जुड्या बांधल्या आणि फिरायला आलेल्यांना वाटल्या. "न्या घरी. उद्या कचऱ्याच्या गाडीत जाणार हे." मलाही एक दिली. मी घेतली.

सोमवारी साहेबांनी मालमत्तेच्या नुकसानीचा ठपका ठेवून नऊशे रोपांची वसुली तिच्यावर लावली. मी वही उघडून कोरा रकाना दाखवला. "साहेब, यातलं एकही रोप आपण विकत घेतलेलं नाही."

"जमीन कोणाची? वसुली लावा."

लावली, दरमहा पगारातून कापायची. तिच्या निवृत्तीला चार महिने राहिले होते, तेवढे तिला स्वच्छतागृहं धुवायला लावलं. तिने धुतली. शेवटच्या दिवशी पगार घ्यायला आली तेव्हा माझ्या टेबलासमोर बसलीसुद्धा नाही.

"कापून झालं का सगळं?"

"बावन्न रुपये उरलेत, मावशी."

"ते द्यायची नाही मी. लिहून ठेवा. आणि भाऊ, एक जुडी तुम्हीही नेलीत. तुमच्यावर किती लावले?"

मी वहीत बावन्न लिहिले. ती गेली.

ते बावन्न रुपये अजून तिच्या नावावर येणे आहेत.