यंत्राला लावलेलं भस्म

अहमदपुरात पार्वतम्माची पिठाची गिरणी तीस वर्षं चालली. दगडांना टाकी लावणं, पट्टा चढवणं, सगळं ती स्वतः करायची. मिस्त्री बोलवायचा म्हणजे तिला कमीपणा वाटे. अशी बाई एका वीतभर यंत्रापुढं मात्र हात जोडून बसायची, आणि त्याचं तिला काही वाटत नसे.

ते यंत्र तिच्या नातीचं, ऋतुजाचं. पोरगी विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकते. यंत्र तसं गेम खेळायचं, पण स्टँडमध्ये बसवून टीव्हीला जोडलं की त्यावर सिनेमेही लागतात. ऋतुजानं त्यात आपल्या आईच्या लग्नाची जुनी कॅसेट भरून दिली होती. मूळ कॅसेट पुढं बुरशीनं गेली. आता पार्वतम्माचे मालक, म्हणजे तिचा नवरा रामलिंगप्पा, चालतेबोलते फक्त त्या यंत्रात उरले होते. जाऊन अकरा वर्षं झालेला माणूस फेटा सावरत पाहुण्यांत फिरतो, हे बघून ती दरवेळी नव्यानं थक्क व्हायची. "काय विद्या हाय बाई ही!"

खंडेनवमीला गिरणीची पूजा झाली. मग या यंत्रानंच काय पाप केलं? तिनं भस्म पाण्यात कालवलं आणि त्याच्यावर तीन बोटं ओढली. बाई सढळ हाताची! ओघळ खाली स्टँडमध्ये उतरला. बटण दाबलं तर टीव्ही काळा.

एकदा गेलेला माणूस तिनं आपल्या हातानं पुन्हा घालवला होता. ऋतुजाला फोन करायला तोंड नव्हतं. ती फडक्यानं पुसत बसली, रडत बसली. एक ओघळ निघेना म्हणून तिनं जरा हिसका दिला, तर अख्खं यंत्रच स्टँडमधून उपसून हातात आलं. "मोडलं गं माय!"

मोडलं नव्हतं. ते तसंच निघतं आणि त्याच्या स्वतःच्या काचेवरही चित्र दिसतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. काच उजळली, आणि ज्या डाव्या तळहातावर ती रोज पूजेला गळ्यातलं इष्टलिंग घ्यायची, त्याच तळहातावर रामलिंगप्पा फेटा सावरत उभे! तार नाही, टीव्ही नाही.

टीव्हीवर बघताना भोवती भावकी जमायची. कुणाची साडी, कुणाचा फेटा, नुसता कलकलाट. आज घरात कुणी नव्हतं. आवाज बारीक येत होता म्हणून तिनं यंत्र कानाशी नेलं. सनईच्या मागून मालक कुणाला तरी सांगत होते, "आरं, आमची पार्वती जेवली का बघ की."

हे तिनं कधीच ऐकलं नव्हतं. पोरीच्या लग्नाच्या त्या धांदलीत आपली आठवण काढणारा एक माणूस होता, हे तिला आज कळलं.

सकाळपासून तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. "न्हाई हो," ती म्हणाली, "आता बसते." आणि उठून तिनं ताट वाढून घेतलं.