बायकोच्या बससाठी राखलेली मिनिटं

मी रेल्वेच्या कचेरीत वेळापत्रकं आखतो. गाडीला थोडा उशीर झाला तरी तो पुढे भरून निघावा म्हणून आम्ही वाटेत काही मोकळी मिनिटं ठेवतो. ती कुठे ठेवायची, यातच सगळी गोम आहे. चंद्रपूरहून सकाळी सुटणाऱ्या पॅसेंजरची सगळी मोकळी मिनिटं मी अगदी शेवटी, गोंदियाच्या अलीकडे ठेवली होती. त्यामुळे गाडी वाटेत रखडली तरी गोंदियाला वेळेवर पोचे आणि साहेब खूश होत.

माझी बायको मात्र याच गाडीनं जाऊन मध्येच, मूल या गावाला उतरते. तिथून बसनं पुढच्या एका गावात शाळेत शिकवायला जाते. कोळशाच्या मालगाड्या आडव्या आल्या की पॅसेंजर मूलला उशिरा पोचे, बस निघून जाई आणि हेडमास्तर तिची अर्धी रजा लावत. लेकीच्या बाळंतपणासाठी तिनं जपून ठेवलेल्या रजा अशा झिजत चालल्या होत्या.

"मी काय गोंदियाले जातो का हो?" ती भाजी वाढताना विचारी. "तुमची गाडी तिथी टाइमवर, अन् मी इथी लेट!"

बरोबरच होतं तिचं. मूलला उतरणाऱ्या इतरांचंही बरोबर होतं, पण ते माझ्या ताटात भाजी वाढत नव्हते, हे मला कबूल केलंच पाहिजे.

शेवटी मी ती मिनिटं गोंदियाकडून काढली आणि मूलच्या अलीकडे, जंगलातल्या एका छोट्या स्टेशनच्या थांब्यात टाकली. उशीर झाला असला तर गाडीनं तिथे कमी थांबायचं. नसला तर वेळ होईपर्यंत उभं राहायचं. बायकोसाठी केलं असं कोणी म्हणेल, या धास्तीनं मी घरीसुद्धा बोललो नाही.

नवं वेळापत्रक लागू झालं त्याच दिवशी एकही मालगाडी आडवी आली नाही. गाडी जंगलात उभी राहिली ती राहिलीच. दुपारी शाळेतून बायकोचा फोन आला.

"तुमच्या ऑफिसात कोण बावळट बसला हाय? सिग्नल नाई, क्रॉसिंग नाई, अन् गाडी उभीच! साऱ्या डब्यानं शिव्या घातल्या त्याले. मी तं मूलच्या स्टेशनमास्तरले जाऊन चांगलं झाडलं."

"पण गाडी मूलला वेळेवर पोचली ना? बस?"

"मी मास्तरले झाडून राह्यली होती, तेवढ्यात बस गेली."

मी सगळं सांगून टाकलं.

"मंग पयलेच सांगाचं ना! त्या बिचाऱ्याले काऊन बोलली असती मी?"

दुसऱ्या दिवशीही गाडी मूलला अगदी वेळेवर पोचली. बायको स्टेशनमास्तरांची माफी मागायला गेली. मास्तर भला माणूस. "बसा मॅडम, चहा घ्या," म्हणाला. बस गेली.

दोन अर्ध्या मिळून एक अख्खी रजा संपली.

"आता पोरीपाशी पयला दिवस तुम्ही राहाजा," ती म्हणाली.

मी त्याच दिवशी रजेचा अर्ज टाकला.