घायपात आणि माझी जीभ

माझी जीभ सुजली त्या दिवशी बडोद्यात दारूबंदी होती. (ती रोजच असते. पण दोष कुणावर तरी टाकायला हवा म्हणून आधीच सांगून ठेवलं.)

शैलाची आई जाऊन सात महिने झाले होते. शैला म्हणजे माझी एकुलती एक मुलगी, पुण्यात दिलेली. ती आणि आमचे जावई सुधीरराव मला कायमचं पुण्याला न्यायला आले होते. मला जायचं नव्हतं. कारण विचाराल तर फार मोठं नाही. शैलाच्या आईनं घातलेल्या लोणच्याची बरणी अजून अर्धी शिल्लक होती, आणि आमच्या कारेलीबागेतल्या घरचं लोणचं कारेलीबागेतच खावं असं माझं मत होतं.

शैलाचं मत वेगळं.

"बाबा, सात महिन्यांत तीन पातेली जाळलीत तुम्ही!"

"चौथं शाबूत आहे ना?"

"त्याला भोक आहे!"

सुधीरराव इंजिनेर. त्यांना कंपनीनं आठ महिने मेक्सिकोला धाडलं होतं. येताना त्यांनी तिथल्या दारूच्या चार बाटल्या आणल्या, आणि बडोद्यात पाय ठेवल्याबरोबर बाहेरगावच्या माणसाला मिळतं ते पिण्याचं परमिट काढलं. तो कागद शर्टाच्या खिशात असल्याशिवाय ते बुचाला हात लावत नसत. कायद्यानं पिणारे ते, मी नुसता साक्षीदार. (पण साक्ष द्यायची तर थोडी चाखावी लागतेच की!)

"आईचं वर्षसुद्धा झालं नाही," शैला म्हणाली.

"अगं, मी पीत नाही असं तिला चाळीस वर्षं सांगत आलो. तिला ते एकदाही खरं वाटलं नाही. आता निदान तिचा शब्द तरी राखू दे."

शनिवारी दुपारी बैठक बसली. खोकल्याच्या औषधाबरोबर मिळतात ती प्लास्टिकची मापं शैलानं ओळीत मांडली. मी पहिलं माप उचललं आणि रिकामं केलं. आमचे आजोबा इथल्या सरकारच्या घोडदळात होते, ते अशीच घेत म्हणे.

"बाबा, गटकायची नाही!" सुधीरराव कळवळले. "आधी वास घ्यायचा."

"वासासाठी मेक्सिकोला कशाला जायला हवं? नंदेसरीच्या केमिकल कारखान्यांपाशी रोज फुकट येतो."

पण जावई चिकाटीचा माणूस. त्यांनी एकेक बाटली समजावून सांगितली. पहिली ब्लांको. गाळली की थेट बाटलीत, म्हणून हिरव्या गवतासारखी करकरीत. दुसरी रेपोसादो, काही महिने लाकडी पिंपात निजवलेली. तिसरी अन्येहो, वर्षाच्या वर पिंपात राहून मऊ पडलेली. चौथी मेस्काल. ती ज्या झाडापासून करतात त्याचा गड्डा खड्ड्यात निखाऱ्यांवर भाजतात, म्हणून तिला धुराचा वास.

ही नावं माझ्या तोंडात बसेनात. मी सातवीला शाळा सोडलेली. मी आपली कोरी, विसावलेली, म्हातारी आणि धुरकट अशी नावं ठेवली. म्हातारी वर्षभर बंद राहून मऊ पडते हे ऐकून नवल वाटलं. मी सात महिने घरात बंद होतो, पण मऊ पडल्याची तक्रार अजून कुणी केली नव्हती.

एवढ्यात मी बाटलीवरचं चित्र पाहिलं. "अहो, हे तर घायपात! आमच्या मागच्या कुंपणाला आहे."

"बाबा, ते वेगळं. हे निळं असतं. आठ-आठ वर्षं लागतात वाढायला."

"आमचंही निळसरच आहे. आणि बावीस वर्षांचं! शैलाच्या आईनं गाई तुळस खातात म्हणून लावलं होतं."

"राहू द्या बाबा," सुधीरराव हसले. "या वयात हे बारकावे नाही लक्षात यायचे."

'या वयात' हे शब्द ऐकून माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "उद्या अकरा वाजता डोळे बांधा. चारही बरोबर ओळखल्या तर मी इथंच राहणार. एक जरी चुकली तरी मुकाट्यानं तुमच्याबरोबर गाडीत बसेन."

शैलानं लगेच हात पुढे केला. "कबूल!" (तिनं चौथ्या पातेल्याचं भोक पाहिलं होतं.)

रविवारी सकाळी दोघं लीलो चिवडा आणायला गेली आणि मी अभ्यासाला बसलो. मी मकरपुऱ्याच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर. मशीन कळत नसेल तर उघडून बघायचं, एवढी एकच विद्या मला येते. मी कोयता घेतला, अंगात नुसतं बनियन, आणि गेलो घायपात उघडायला! थोरलं झाड काही हलेना, म्हणून शेजारचं पिल्लू खणून काढलं. पानं छाटली. रस उडाला, हातांवर, गळ्यावर, बनियनच्या आत. छान गार वाटलं.

गड्डा मी परसातल्या बंबात निखाऱ्यांवर टाकला. मेक्सिकोत भाजायला तीन-चार दिवस लागतात असं सुधीरराव म्हणाले होते. दोघं परत येईपर्यंत माझ्याकडे पाऊण तास होता. मी अर्ध्या तासानं काढला, एक फाक कापली आणि मूळ चव पक्की व्हावी म्हणून नीट चावली.

अळू खाजतो हे आपल्याकडे शेंबड्या पोराला माहीत असतं. घायपात ही त्या अळूची थोरली बहीण आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं! आधी ओठ चुरचुरले. मग जिभेला हजार सुया लागल्या. मग जीभ फुगायला लागली, फुगली, आणि तोंडात तिला जागा पुरेना. तिकडे हातांवर, गळ्यावर आणि बनियनच्या आत गांधी उठल्या. मी एका हातानं जीभ धरून दुसऱ्या हातानं पोट खाजवत परसात नाचत होतो, आणि मागे बंब धूर ओकत होता.

धूर पाहून रमणभाई धावत आले. रमणभाई आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. चहासुद्धा अर्धाच कप पिणारा माणूस.

"मोहितेभाई, शुं थयुं?"

काही नाही, ठीक आहे, असं मी म्हणालो. बाहेर पडलं ते असं: "आई आई, ई आए."

"अरे बाप रे! आने तो लकवो मारी गयो!" त्यांनी मला उचलून आत कॉटवर टाकलं आणि एक हात वर करून बघा म्हणाले. मी हात वर केला, पण लगेच खाजवायला खाली आणला. "जुओ, हात पण गयो!" त्यांनी डॉक्टरला फोन लावला. फोन ठेवताना त्यांची नजर टेबलावर गेली. चार बाटल्या, ओळीत.

"मोहितेभाई," ते हळूच म्हणाले, "सवार सवारमां?"

तेवढ्यात शैला आणि सुधीरराव दारात. शैलाच्या हातून चिवडा पडला. सुधीररावांनी मात्र पहिल्यांदा खिशातून परमिट काढून रमणभाईंना दाखवलं.

डॉक्टर आले, त्यांनी जीभ पाहिली, इंजेक्शन दिलं. मी बोटानं परसातल्या गड्ड्याकडे खूण केली. "लकवा नाही," ते म्हणाले. "यांनी कुंपण खाल्लंय."

ते गेल्यावर शैला रडू लागली. "आता काही ऐकणार नाही. संध्याकाळच्या गाडीनं चला!"

मी घड्याळ दाखवलं. अकराला पाच कमी. मी पंचा घेऊन स्वतःच डोळ्यांवर बांधला.

"बाबा, जिभेला चव तरी आहे का?"

नव्हती. फक्त नाक शिल्लक होतं. शैलानं मापं बदलून बदलून नाकाशी धरली. मी बोटं दाखवायची, एक ते चार. धुरकट तर बंबासारखीच. चार बोटं. कोरीला आताच छाटलेल्या पानाचा वास, अंगाला खाजच सुटली. एक बोट. उरल्या दोन, दोन्ही पिंपातल्या. पुन्हा पुन्हा वास घेतला. मग त्यातल्या एकीला शैलाच्या आईच्या कपाटाचा वास आला. जुनं सागवान, आणि खाली कुठंतरी गूळ. ते कपाट मी सात महिन्यांत उघडलं नव्हतं. मी पंचा जरा घट्ट धरला आणि तीन बोटं दाखवली.

उरलेलीला दोन. शेवटी सुधीरराव म्हणाले, "चारही बरोबर."

"पण यांना एकटं कसं ठेवायचं?" शैला म्हणाली.

"एकला क्यां छे?" रमणभाई म्हणाले. "हूं छूं ने!"

आणि शैलानं तिथल्या तिथं अट घातली. मी इथंच राहायचं, पण रोज सकाळी आठ वाजता रमणभाईंच्या ओट्यावर जाऊन जीभ दाखवायची. लाल किंवा सुजलेली दिसली की त्यांनी पुण्याला फोन करायचा.

त्याला आता किती वर्षं झाली. घोडदळातल्या आजोबांचा हा नातू अजून रोज आठाच्या ठोक्याला सगळ्या सोसायटीदेखत जीभ बाहेर काढून उभा राहतो. रमणभाई चष्मा लावून तपासतात, "ओके छे," म्हणतात, आणि मग आम्ही चहा घेतो. अर्धा अर्धा कप.