बिडकीनला राहिलेल्या सासूबाई

आमच्या घरात देवाशी बोलायचं खातं सासूबाईंकडं आहे. बाकीच्यांनी फक्त 'आमेन' म्हणायचं.

ही वाटणी मला लग्नापासून मान्य होती. मी ख्रिस्ती घरात जन्मले आणि ख्रिस्ती घरातच येऊन पडले, त्यामुळं विश्वास म्हणजे मला घरातल्या माळ्यासारखा वाटायचा. वर आहे, भरलेला आहे, नाताळला शिडी लावून बघायचं. दर रविवारी सासूबाई पांढरी साडी नेसून छावणीतल्या चर्चला निघायच्या आणि नेमकं तेव्हाच माझं डोकं दुखायचं. (डोकं फार वक्तशीर! मटण शिजलं की आपोआप थांबायचं.)

सासूबाईंची जेवणाआधीची प्रार्थना ऐकण्यासारखी असते. अन्नापासून सुरुवात होते, मग आजारी नातेवाईक, परीक्षेला बसलेली पोरं, राज्य सरकार, केंद्र सरकार, युद्ध चाललेले देश आणि शेवटी क्रांती चौकातली ट्रॅफिक. जगात शांती येईपर्यंत वरण थंड होऊन जातं.

तर जानेवारीतल्या एका सुट्टीला आम्ही जायकवाडी धरणावर सहलीला निघालो. पुढं आमची गाडी, मागं माझा दीर अमोल आणि जाऊ शीतल यांची गाडी, दोन्हीकडं पोरं. सासूबाई आमच्याकडं मागच्या सीटवर होत्या.

"आई, काच लावा ना. एसी चालू आहे, धूळ येतीय."

"मातीचाच माणूस केलाय देवानं. धुळीला काय भ्यायचं?"

"मग एसी बंद करू का?"

"कर की. मला लई गुदमरतं."

असं बिडकीनपर्यंत चाललं. तिथं रस्त्याकडेच्या हॉटेलात चहाला थांबलो, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मी आता अमोलच्या गाडीत बसते."

"बसा!" मी म्हणाले. (किती गोड आवाजात म्हणाले ते इथं लिहिता येत नाही.)

धरणाच्या कडेला झाडाखाली सतरंजी अंथरली. बिर्याणीचं पातेलं उघडलं. सगळ्यांनी ताटं भरून घेतली आणि पहिला घास घेतला.

"भाजलं!" माझा नवरा विजय ओरडला. "जीभ भाजली! आज बिर्याणी एवढी गरम कशी?"

सगळे घास हातात धरून थांबले. आमच्या घरात कुणाची जीभ भाजल्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

"प्रार्थना कुणी केली?" शीतलनं विचारलं.

"कुणीच नाय."

"आई कुठंयत?"

"तुमच्या गाडीत होत्या ना?"

"आमच्या? त्या तर तुमच्या गाडीत बसल्या होत्या!"

अमोल पळत गेला आणि त्यानं आधी गाडीची डिकी उघडली.

"अरे, आईला डिकीत कोण ठेवील?" विजय ओरडला.

"बघायला काय जातं, दादा?"

मी त्यांना फोन लावला. तो आमच्याच गाडीत, मागच्या सीटवरच्या त्यांच्या पर्समध्ये वाजला. मोठ्या भक्तिभावानं भजन वाजत राहिलं. पर्समध्ये फोनखाली शुगरच्या गोळ्यांची पट्टी होती. ती बघितली आणि मी पर्स खांद्याला अडकवली. सत्तरीच्या पुढची बाई, जेवण नाही, गोळी नाही, जवळ फोन नाही, आणि आम्ही इथं लेगपीस कुणाला यावर भांडत होतो!

शीतलला पोरांपाशी ठेवून आम्ही दोन्ही गाड्या माघारी पळवल्या. पळवल्या म्हणजे काय, तर उसाच्या ट्रॉल्यांमागं रांगत गेलो. एक ट्रॅक्टर ओलांडला की पुढं दुसरा हजर.

"प्रार्थना कर," विजय म्हणाला.

"मी?"

"मग कोण? मी गाडी चालवतोय."

मी डोळे मिटले. आजवर दुसऱ्याच्या प्रार्थनेला शेवट जोडायचं काम केलेलं, सुरुवात कुठून करतात तेच आठवेना. त्यात माझी नोकरी सरकारी कचेरीत.

"महोदय," मी म्हणाले.

"महोदय काय!"

"उपरोक्त विषयी विनंती करण्यात येते की..."

"अगं, आई हरवलीय माझी!"

त्याचा आवाज फाटला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस रडताना मी पाहिला नव्हता. मग माझंही अवसान गेलं. "देवा," मी म्हणाले, "त्यांना काही होऊ देऊ नको. मला तुझ्याशी बोलता येत नाही. आमच्या वाटचं सगळं त्याच बोलतात तुझ्याशी. त्यांना सांभाळ. मी दर रविवारी चर्चला येईन. त्या काय म्हणतील ते ऐकून घेईन, एक शब्द उलट बोलणार नाही. येशूच्या नावानं मागते..."

"आमेन!" विजय म्हणाला. मी बघते तर यानंही डोळे मिटलेले!

"अहो, ट्रॉली! ट्रॉली!"

कचकन ब्रेक लागला. उसाची कांडी काचेला टेकायची तेवढी बाकी होती. पण खरं सांगते, त्यानंतर गाडीत एक वेगळीच शांतता पसरली. आपलं कुणीतरी ऐकून घेतलंय अशी. (एसी बंद पडला होता, हे नंतर समजलं. पण कारण तेवढंच नव्हतं.)

हॉटेलवाल्या चाचांनी आम्हाला बघताच गल्ल्यावरून हात केला. "वो नानी? बाथरूम पूछते घर में गए थे, वहींच बैठे हैं. तुम लोगां तो लय फास्ट निकले, भाई!"

हॉटेलच्या मागंच त्यांचं घर होतं. दारात पडदा होता. मी धावत गेले, आणि आतून सासूबाईंचा आवाज आला म्हणून जागीच थांबले. आवाज ठणठणीत होता.

"...मीठ टाकायचं विसरती. वर म्हणती, कमी मीठ तब्येतीला चांगलं! रविवार आला की हिचं डोकं दुखतं. आणि जीभ? विळीच जणू!"

मी अजून पायातली चप्पलसुद्धा काढली नव्हती आणि देवानं वचनाची वसुली सुरू केली होती. ऐकून घेईन म्हणाले होते ना? घे ऐकून!

तेवढ्यात लक्षात आलं, पडद्याजवळ मी एकटी नाही. स्वयंपाकघराच्या दारातून एक तरुण मुलगी ओढणी तोंडावर धरून ऐकत होती. त्या घरची सून असावी. तिनं माझ्याकडं बघितलं, माझ्या तोंडावरून सगळं ओळखलं आणि पाण्याचा ग्लास पुढं केला.

"तुम्हारा चल रहा है," ती कुजबुजली. "मेरा हो गया."

आम्ही दोघी तिथंच भिंतीला टेकून बसलो.

आत सासूबाई सांगत होत्या, "पण खोटं कशाला बोलू, शाहीनबी? मला डेंगी झाला, तर हीच दवाखान्यात माझ्या खाटेखाली फरशीवर झोपली. मी हलले तरी उठून बसायची. पोटची पोर करणार नाय इतकं केलं. फटकळ आहे, पण देवानं निवडून दिलीय."

"हमारी भी अइसीच है, बाजी," चाचांची बायको शाहीनबी म्हणाल्या. "ज़बान कैंची, दिल खोबरा."

माझ्या शेजारच्या कैचीनं ओढणीत नाक पुसलं. मी तिच्याच ओढणीच्या दुसऱ्या टोकानं डोळे पुसले. एकमेकींचं नाव तोवर विचारलेलं नव्हतं.

मग विजय पडदा सारून आत शिरला आणि आईला मिठी मारून हुंदके देऊ लागला. सासूबाई खाटेवर मांडी घालून शाहीनबींबरोबर लसूण सोलत बसल्या होत्या. समोर ज्वारीची भाकरी नि अंडाकरीचं रिकामं ताट. त्यांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"जेवलात का?"

"नाय गं आई, घाससुद्धा उतरला नाय!" अमोल म्हणाला. त्याच्या मिशीत बिर्याणीचं शीत होतं.

"आई, तुम्ही हरवलात म्हणून आम्ही किती..." मी सुरू केलं.

"मी कुठं हरवले? मी होते तिथंच होते. तुम्ही हरवला होता." त्या शाहीनबींकडं वळल्या. "आमच्या पुस्तकात मेंढपाळ नव्याण्णव मेंढरं सोडून एकाला हुडकायला जातो. आमच्यात एकाला सोडून नव्याण्णव बिर्याणी खायला गेली!"

शाहीनबी इतक्या हसल्या, की त्यांच्या मांडीवरचा लसूण घरभर झाला. हसण्यासारखं काही नाही हे त्यांना कोण सांगणार? आम्ही खाली बसून पाकळ्या गोळा केल्या.

मी गोळीची पट्टी काढून दिली. सासूबाईंनी गोळी घेतली, आणि निघताना माझा हात धरून म्हणाल्या, "देवाचे आभार मानू या. आज तू कर."

सगळे उभे राहिले. शाहीनबींनी डोक्यावर पदर घेऊन तळवे पसरले, त्यांची सून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मी म्हणाले, "देवा, आई सापडल्या. यांनी त्यांना घरच्यासारखं ठेवलं. यांच्या घरावर तुझा हात असू दे." आमच्या घरातली ही सगळ्यात लहान प्रार्थना. आम्ही 'आमेन' म्हणालो, त्या 'आमीन' म्हणाल्या. सासूबाईंनी डोळे पुसत एवढंच विचारलं, "सरकार राहिलं की गं?"

रविवारी मी चर्चला गेले. वचन होतं! मी जरा भारावूनच बसले होते. साक्ष द्यायची, म्हणजे देवानं काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायची वेळ आली, तशा सासूबाई उठल्या आणि माईक हातात घेऊन म्हणाल्या, "देवाची स्तुती असो! माझ्या सुनेनं मला बिडकीनला रस्त्यावर सोडलं..."

सगळं चर्च मागं वळलं. पुढचं चांगलं चांगलं त्यांनी सांगितलं असणार, मला काही ऐकू आलं नाही.

उपासना संपल्यावर दारात महिला मंडळातल्या चारपाच सुना माझी वाट बघत उभ्या होत्या. डोळे ओले, चेहरे गंभीर. एकीनं माझा हात घट्ट धरला. माझ्या एका प्रार्थनेनं एवढी माणसं हलली! मी डोळे मिटले आणि हळुवार आवाजात म्हणाले, "चला, आपण मिळून प्रार्थना करू या."

"ती नंतर करू," ती कानाशी येऊन म्हणाली. "आधी त्या हॉटेलचं लोकेशन पाठव!"