उलटून न पाहिलेली टॅक्सी

चूंग वाइ कीतला सिउ लाम बावीस वर्षं ओळखत होता, असं इपोह गावात कुणीही सांगितलं असतं. सिउ लामला मात्र आता वाटतं, आपल्याला त्याच्याविषयी फार थोडं ठाऊक होतं. तो दातांच्या कवळ्या बनवायचा, कॉफीत साखर घेत नसे, आणि बायको गेल्यापासून रविवारी घरी थांबत नसे. बाकी सगळं बोलणं गाड्यांचं. बोटभर लांबीच्या, धातूच्या ओतीव गाड्यांचं.

रविवारच्या जुन्या बाजारात दोघं एकाच चादरीवर गाड्या मांडून बसत. कुणाची मोडकी गाडी आली की वाइ कीत कवळ्या घासायच्या हत्यारांनी ती नीट करून देई. "माणसं दात घेऊन तक्रारीला परत येतात," तो म्हणायचा. "गाड्या बिचाऱ्या तोंड मिटून असतात."

या छंदातली माणसं गाडी हातात आली की आधी ती उलटी करतात. खरी की खोटी, आधी कुणी उघडली होती का, ते तळावरूनच कळतं. मित्राने दिलेली गाडी मात्र त्याच्या देखत उलटी करत नाहीत. ते तोंडावर चोर म्हणण्यासारखंच.

सिउ लामचे वडील टॅक्सी चालवायचे. काळं अंग, पिवळा टप. त्यांनी तशीच छोटी गाडी त्याला लहानपणी आणून दिली होती आणि तिच्या तळावर सुईने आपल्या टॅक्सीचा नंबर कोरला होता, ४१७. वडिलांच्या हातचं तेवढंच उरलं होतं. तिचं पुढचं चाक वाकडं झालं, तेव्हा त्याने ती वाइ कीतकडे दिली.

"रंगाला हात लावू नकोस हं."

"वेडा की काय मी? म्हाताऱ्याला कोण पावडर लावतं?"

आठ दिवसांनी टॅक्सी परत आली. टपाचा रंग तसाच उडालेला, चाक सरळ. सिउ लामने ती उलटी केली नाही. घरी जाऊन तशीच कपाटात ठेवली.

तीन महिन्यांनी गावात संग्राहकांचं प्रदर्शन भरलं. क्वालालंपूरहून आलेल्या एका गृहस्थांच्या पेटीत खाली आरसा होता, गाड्यांचे तळही दिसावेत म्हणून. तिथल्या एका काळ्या-पिवळ्या टॅक्सीखाली आरशात तीन उलटे आकडे दिसले. इंग्रजी साताच्या पोटात आडवी रेघ होती, वडील काढायचे तशी.

"आवडली का?" गृहस्थ कौतुकाने म्हणाले. "इथल्याच एका कवळीवाल्यांनी दिली. बदल्यात माझा आगीचा लाल बंब नेला. त्यांच्या संचात म्हणे तेवढाच कमी होता."

ही माझी आहे, एवढं बोलायला सिउ लामचं तोंड उघडलं होतं. पण मग कुणाचं नाव घ्यावं लागलं असतं, ते आठवून त्याने मिटलं. तो बंब त्याने वाइ कीतच्या फळीवर पाहिला होता. "मिळाला एकदाचा तुला," म्हणून त्याच्या पाठीवर थापही मारली होती.

घरी येऊन त्याने कपाटातली टॅक्सी उलटी केली. तळ कोरा होता.

पुढच्या रविवारी तो बाजारात गेला. वाइ कीतने नेहमीसारखी खिशातून एक निळी व्हॅन काढली. "घे, बघ काय सापडलंय."

सिउ लामने ती घेतली, चष्मा कपाळावर सरकवला, आणि त्याच्या देखत व्हॅन सावकाश उलटी केली. तळ वाचला. मग ती चादरीवर ठेवली.

वाइ कीतचा कॉफीचा पेला ओठांपर्यंत जाऊन थांबला. टॅक्सीविषयी तो काही म्हणेल, म्हणून सिउ लाम ऊन चढेपर्यंत बसून राहिला. त्यानंतर सिउ लाम बाजारात गेला नाही, आणि वर्ष संपायच्या आत वाइ कीत वारला.

त्या शेवटच्या रविवारी ऊन चादरीवर आलं, तेव्हा वाइ कीत व्हॅनकडे बघतच म्हणाला, "चादर आत सावलीत ओढू का जरा?"

"ओढ," सिउ लाम म्हणाला. "मी निघतोच आहे."