आपल्या हद्दीपुरतं

पार्किंगच्या जागेवरून मी एका शेजाऱ्याशी भांडले, एवढंच खरं घडलं होतं. खराडीच्या आमच्या सोसायटीत अशी भांडणं नेहमीचीच. पण कुणीतरी ते फोनवर टिपलं आणि माझ्या तोंडी भलतेच शब्द घालून इंटरनेटवर टाकलं. एका समाजाबद्दलच्या घाणेरड्या शिव्या, आणि आवाज हुबेहूब माझा. बघता बघता अनोळखी नंबरांवरून धमक्या सुरू झाल्या. ऑफिसनं कळवलं, सध्या घरूनच काम करा.

बाबा निवृत्त सरकारी अधिकारी. आदेश निघाला की तो पाळला जातो, यावर त्यांचा आयुष्यभर विश्वास. ते मला सायबर पोलिसांकडे घेऊन गेले. तिथल्या मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं, तक्रार नोंदवली, पाठपुरावाही केला. काही आठवड्यांनी त्या व्हिडिओच्या जागी ‘तुमच्या देशात उपलब्ध नाही’ अशी ओळ दिसू लागली. बाबांनी पेढे आणले.

त्याच संध्याकाळी कॅनडातल्या माझ्या बहिणीचा फोन आला. "अगं, मला अजून दिसतोय."

तिथून कुणीतरी तो उतरवून घेतला असणार. थोड्याच दिवसांत तो नव्या नावानं इथे परत आला. आम्ही पुन्हा पोलिसांकडे.

"हाही काढायला लावू," मॅडम म्हणाल्या. "पण काका, पुन्हा आला तर पुन्हा तक्रार करावी लागेल."

"म्हणजे सरकारचं कुणी ऐकत नाही?"

"ऐकतात ना. आपल्या हद्दीपुरतं."

परतताना बाबा रिक्षात तक्रारीची प्रत पुन्हा पुन्हा वाचत होते.

आता मी ऑफिसला जाते. गाडी लावली की बाकीच्या मुली तोंडावरचा स्कार्फ सोडतात. मी लिफ्टमध्येही बांधलेलाच ठेवते. श्वास कोंडतो, पण सोडवत नाही. कुणाची नजर जरा रेंगाळली की वाटतं, यानं पाहिलाय.

परवा सकाळी चहा द्यायला गेले, तर बाबा फोनवर माझंच नाव शोधत बसले होते. रोज शोधतात म्हणे. सापडला की स्वतःच तक्रार करतात.

"बाबा, रोज ते शब्द ऐकता तुम्ही?"

"आवाज बंद करून बघतो."

"नका ना करू हे."

त्यांनी मान डोलावली, चष्मा पुसला आणि पुढचं पान उघडलं.