डब्यावरचे तीन टोले

चाकणला पहिली शिफ्ट सुटली की खोलीवर जाताना मी रोज एका काकांच्या शेततळ्यापाशी थांबतो. साठीचे असतील. तळ्याकाठच्या पत्र्याच्या खोलीत एकटेच राहतात. माझ्याशी कधी धड दोन वाक्यं बोलत नाहीत. बोलतात ते तळ्यातल्या रोहू-कटला माशांशी. खाद्य टाकण्याआधी तेलाच्या रिकाम्या डब्यावर काठीने तीन टोले देतात, आणि सगळे मासे त्यांच्या पायाशी उसळून येतात. "दमानं रं, समद्यांना हाय," असं त्यांना बजावतात.

मागच्या आठवड्यात, माझ्या सुट्टीच्या दिवशी, पिंपरीहून मासळीचा व्यापारी आला, सोबत माणसं आणि जाळं घेऊन. मासे तळाशी दडून बसले. जाळं दोनदा रिकामंच वर आलं.

"काका, डबा वाजवा की. आपोआप येतील," व्यापारी म्हणाला.

"न्हाई. ज्या आवाजानं जेवायला बोलावलं, त्या आवाजानं मराया न्हाई बोलवायचं."

माणसं छातीभर पाण्यात दिवसभर जाळं ओढत राहिली. काका तळ्याकडे पाठ करून बसले होते. संध्याकाळी तळ्यात एक मासा उरला नाही. माशांचं नवं बीज आता पावसाळ्यातच पडणार होतं.

दुसऱ्या दिवशी थांबायला काही कारण नव्हतं, म्हणून मी मागच्या रस्त्याने खोलीवर गेलो. बूट काढतोय तोच तळ्याकडे डबा वाजला. तीन टोले.

मी तसाच गेलो. पाणी स्वस्थ होतं. बांधावर दोन कप चहा बशा झाकून ठेवलेला होता.

"आज उशीर केलास," पाण्याकडे बघत ते म्हणाले.